मोठं करणारं औषध

१९ ऑगस्ट

आक्का, माझ्या सासूबाई, आज माझ्या घरी आल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा! भरतेशनं दंडाला धरून पायऱ्या चढवल्या. पदर तोंडाला लावलेला. पदर लाल.

पलूसला दाढ काढली होती, तेव्हापासून रक्त थांबेना. दंडावर, पोटरीवर काळेनिळे डाग. "कुठं आपटलात का?" मी विचारलं. त्यांनी भरतेशकडं बघून सांगितलं, "कुटंबी न्हाई. आपोआप उठल्यात." प्रश्न माझा, उत्तर पोराला. लग्नापासून असंच. माझ्याशी त्या बोलत नाहीत. त्यांच्या जैन घरात कोरेगावच्या मराठ्याची, मटण खाणाऱ्या घरची मुलगी पोरानं रजिस्टर लग्न करून आणली — त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी भिंत आहे. माझ्या वडिलांच्या, आबांच्या लेखी तेवढीसुद्धा नाही. सुभेदार लालासाहेबांनी लेकीचा फोन उचलणंच सोडलंय.

पाणी पुढं केलं. घेतलं नाही. पिशवीतून स्वतःची बाटली काढली — घरून गाळून आणलेलं पाणी.

रक्त तपासायला दिलं. लॅबवाल्यानं दुपारीच फोन केला — सगळ्या रिपोर्टची वाट बघू नका, ॲडमिट करा.

२० ऑगस्ट

रक्ताचा कॅन्सर.

डॉक्टर मॅडम तरुण आहेत, पण बोलणं शांत. म्हणाल्या, "यातला हा एक प्रकार असा आहे की तो बरा होतो. बहुतेकांचा होतो. पण सुरुवातीचे दिवस निघाले पाहिजेत. रक्त कुठंही फुटू शकतं — डोक्यातसुद्धा. पक्का रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं नाही, गोळी आजच सुरू करायची."

त्यांनी नाव सांगितलं आणि मला कळलं. एमएस्सीला याची आकृती काढली होती. पंधराव्या गुणसूत्राचा तुकडा सतराव्याला, सतराव्याचा पंधराव्याला. त्या आकृतीला मला पैकीच्या पैकी मार्क होते. आता बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवते तेव्हा मी ती फळ्यावरही काढते — रंगीत खडूनं! आज ती आकृती कॉटवर पडलीय, आणि तिच्या हिरड्यांतून रक्त येतंय.

गोळ्या आणल्या. मऊ, चकचकीत. खोक्यावर बारीक अक्षरात — जिलेटिन. म्हणजे जनावराच्या हाडाचं, कातड्याचं. दुसऱ्या कवचात मिळते का? मेडिकलवाला नाही म्हणाला. डॉक्टर मॅडमही नाही म्हणाल्या. फोडूनही द्यायची नाही.

भरतेश म्हणाला, "सांगू नकोस. बरी झाल्यावर बघू."

"त्यांना विचारायला नको?"

"कांदा-बटाटा खात नाही ती, संयोगिता! दिवस मावळल्यावर पाणी पीत नाही. हे सांगितलंस तर घेईल?"

तो चुकीचं बोलत नव्हता. आई आहे त्याची. पण ती गोळी माझ्या हातून जायची होती — ज्या हातचं त्या पाणी पीत नाहीत, त्या हातून. फसवून कशी देऊ?

सांगितलं. "आक्का, औषध चांगलं आहे, पण या गोळीचं कवच जनावराचं आहे. दुसरं मिळत नाही. आणि नाही घेतली तर—" त्यांनी कूस बदलली. भिंतीकडं तोंड.

"झालं समाधान?" भरतेश म्हणाला आणि खाली निघून गेला. इतक्या वर्षांत त्याचा असा आवाज ऐकला नव्हता.

मी बसून राहिले. सिस्टर दोनदा येऊन विचारून गेल्या — दिली का? नाही. वाटायला लागलं, आपण मोठी चूक केली. खरं बोलून माणूस मारतोय आपण.

मग भिंतीकडूनच आवाज आला. "ही गोळी करती काय?"

मला! मला विचारलं!

मी वर्गात सांगते तसं सांगायला लागले, आणि थांबले. मग साधं सांगितलं. हाडाच्या पोकळीत मूळ पेशी असतात. त्यांच्यापासून रक्त तयार होतं. प्रत्येक पेशीत सगळ्या शरीराची माहिती असते. डोळ्यातल्या पेशीत रक्त कसं करायचं तेही असतं, पण ते बंद. काय उघडं ठेवायचं आणि काय बंद, त्यावर ठरतं पेशी पुढं काय होणार. मूळ पेशीची बाळ-पेशी होते, बाळाची मोठी होते, मोठी कामाला लागते. "तुमच्या पेशी मधेच अडकल्यात, आक्का. मोठं व्हायचं जे जनुक असतं, त्यावर एक बिघडलेलं प्रथिन बसून राहिलंय. ते उघडू देत नाही. म्हणून त्या लहानच राहतात, आणि लहानच्या लहान वाढत जातात. बाकीच्या रक्ताला जागा उरत नाही."

"आन गोळी त्यास्नी मारती."

"नाही. ही नाही मारत. गोळीत अ जीवनसत्त्वासारखंच औषध आहे, भरपूर. ते त्या प्रथिनाला सोडायला लावतं. मग पेशी मोठ्या होतात. आपलं काम करतात. आणि वय झालं की जातात — सगळ्यांच्या जातात तशाच."



"मारत न्हाई. मोठं करती."

"हो."

त्या वळल्या. डोळे लाल होते. "उठीव मला." उठवलं. हात जोडले, णमोकार मंत्र म्हटला. मग हातातल्या गोळ्यांकडं बघून म्हणाल्या, "ज्या जिवाचं हाय, त्याची क्षमा मागून घेते. आन आजपास्नं गूळ-साखर सोडली. जलमभर." गोड किती आवडतं त्यांना, भरतेशनं मला शंभर वेळा सांगितलंय.

बाटली मी धरली होती. त्यांच्या ते लक्षात आलं. प्यायल्या.

२१ ऑगस्ट

भरतेशनं सकाळी चहा आणून दिला. कप हातात देताना हात जरा वेळ तिथंच ठेवला.

२३ ऑगस्ट

प्लेटलेट उतरतच चालल्यात. पलूसचे दोघं आले होते, त्यांचा गट जुळेना. शेवटी यशराजला फोन केला — माझा भाऊ, फौजेतून सुट्टीवर कोरेगावला आलाय. आबांना काही न सांगता मोटारसायकलवर आला. प्लेटलेट काढायच्या मशीनला हात लावून बसला, हसत होता. "ताई, रानातलं काम हाय म्हनून सांगून आलोय. पिशवीभर रक्त दिल्यावर काय सांगू, इळ्यानं कापलं?"

आक्कांनी त्याच्या बारीक कापलेल्या केसांकडं बघितलं. "ह्यो कोन?"

"माझा भाऊ."

"आमच्याकडं कवा आला न्हाई."

कुणी बोलावलं कधी! हे मी फक्त मनात म्हटलं. यशराज वाकून पाया पडला. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत.

तो गेल्यावर वर टांगलेली ती पिवळसर पिशवी बघत म्हणाल्या, "तुज्या बापाला ठावं हाय व्हय?"

"नाही. ते माझ्याशी बोलत नाहीत."

"का?"

"तुम्ही ज्याच्यासाठी बोलत नव्हता त्याचसाठी."

तोंडातून निघून गेलं. वाटलं, आता परत भिंत! पण आक्का पिशवीतून थेंब पडताना बघत होत्या. म्हणाल्या, "लय सावकाश पडतंय."

२५ ऑगस्ट

पक्का रिपोर्ट आला. तोच प्रकार. आजपासून शिरेतून दुसरं औषध — आर्सेनिक. आक्कांनी सिस्टरना विचारलं हे काय, सिस्टर म्हणाल्या, "आजी, सोमल म्हणतात बघा आपल्यात, ते."

आक्का माझ्याकडं बघायला लागल्या. "सोमल?"

"हो. जास्त झालं तर विष. पण एवढ्याशानं ते बिघडलेलं प्रथिन मोडतं — ते जनुकावर बसलेलं."

"सून सासूला सोमल घालती, आन डाक्टरीन नळी धरून हुबी!" आणि हसल्या. हिरड्या दुखत होत्या, पदर लावून हसल्या. "पलूसात सांगू नगंस गं बाई. माजा भाऊ फौजदार घिऊन यील."

मी पण हसले. हसता हसता रडायला आलं, मग बाटली भरायच्या निमित्तानं बाहेर गेले.

भरतेश शाळूच्या रानाचं बघायला पलूसला गेलाय. फोनवर सांगितलं — आई हसली. तो म्हणाला, "परत सांग."

२९ ऑगस्ट

श्वास लागलाय. सकाळपासून ताप, अंगावर सूज, छातीत पाणी. मास्क लावलाय. आयसीयूत नेलं.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, अडकलेल्या पेशी सगळ्या एकदमच मोठ्या व्हायला लागल्या की असं होतं. औषध लागू पडतंय, त्याचाच हा त्रास. स्टेरॉइड सुरू केलंय. गोळी तूर्त बंद.

लागू पडतंय म्हणून जीव जायचा? हे कसलं लागू पडणं!

काचेतून दिसत होत्या. मला बघितलं, मास्कवर हात ठेवला, काहीतरी म्हणाल्या. ऐकू नाही आलं.

पेशंटला भेटायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "आई का तुमची?" मी हो म्हणाले. समजावून सांगायची ताकद नव्हती. आणि खरंच, काय समजावणार?

३० ऑगस्ट

तसंच.

१ सप्टेंबर

मास्क काढला! सूज उतरतेय. गोळी उद्या परत.

ओठ फुटून रक्त आलंय — गोळीनंच कोरडे पडतात. घरून तूप नेलं. बोटानं लावलं. लहान मुलासारखे ओठ पुढं करून पडून होत्या, डोळे मिटून. विचारलं, "काचेतून काय म्हणत होता त्या दिवशी?"

"जेवलीस का म्हनून इचारलं."

७ सप्टेंबर

केस विंचरले. पांढरे, मऊ, कमरेपर्यंत. सिस्टर म्हणाल्या, या औषधानं जात नाहीत सहसा. आक्का खूश. मग हळूच म्हणाल्या, "तू अजून खातीस?"

"काय?"

"मटान."

"कधीतरी. बाहेर. घरात नाही शिजवत."

"खोटं बोलाय येत न्हाई व्हय गं तुला?"

"येतं. तुमच्याशी नाही बोलवत."



८ सप्टेंबर

आज क्षमावणी. पर्युषण यंदा दवाखान्यातच गेलं. वर्षातून एकदा सगळ्यांची क्षमा मागायचा दिवस. आक्कांनी सकाळपासून फोन लावायला लावले — भाऊ, जावा, शेजारीण, बस्तीतले, म्हणजे जैन मंदिरातले, पुजारी. प्रत्येकाला तेच, हात जोडून — जणू समोरच उभे आहेत. "वर्षात काय उणंदुणं बोलले आसंन, मन दुखावलं आसंन, क्षमा करा." डॉक्टर मॅडमना म्हणाल्या. सिस्टरना म्हणाल्या. फरशी पुसणाऱ्या मावशींना म्हणाल्या. मावशी लाजल्या.

मी वाट बघत होते. खोटं कशाला लिहू? वाट बघत होते.

सगळ्यांचं झाल्यावर म्हणाल्या, "आता तुज्या बापाला लाव."

"आक्का, ते उचलत नाहीत."

"लाव."

लावला. वाजत राहिला. बंद झाला. परत लावायला लावला. आबांचा फोन कोरेगावला ओट्यावर असतो, त्यांच्या खुर्चीशेजारी. ते नाव बघत असणार. नाही उचलला.

"त्यांची लेक आमी नेली, आन तीन वरसं तिला पाणी इचारलं न्हाई," आक्का म्हणाल्या. माझ्याकडं बघत नव्हत्या, फोनकडं बघत होत्या. "त्यांचीच आदी मागाय पायजे. मग तुजी."

१४ सप्टेंबर

कॉलेज करून आले तर आक्का वाटच बघत होत्या. दिवसभर विचार केलेला दिसत होता. "मोटी झालेली पेशी पुन्ना मूळ हुती काय?"

कुणा विद्यार्थ्यानं विचारला नाही असा प्रश्न!

"आपोआप नाही होत सहसा. पण प्रयोगशाळेत करतात. कातड्याची पेशी घेतात. तिच्यातली बंद झालेली चार जनुकं पुन्हा चालू करतात. हळूहळू ती कातडं असल्याचं विसरते. पोटातल्या गर्भाच्या पेशीसारखी होते. मग तिचं हृदयाचं करा, मेंदूचं करा, काहीही."

"समद्या हुत्यात?"

"नाही. फार थोड्या. हजारात एखादी. बाकीच्या आहेत तशाच राहतात. आणि ज्या मागं जातात, त्यांनाही पहिलं थोडंथोडं आठवत राहतं म्हणतात."

"आठवनारच की."

खिडकीतून मिरजेकडं जाणाऱ्या गाड्या दिसत होत्या. त्या बघत म्हणाल्या, "वाईट वागलेलं माणूस काय इसरत न्हाई. ज्येला वागवलं त्येबी न्हाई." आणि मग, "पर एकादी हुती म्हनतीस."

"होते."

त्यांनी पायावरची चादर सारखी केली. माझ्या पायावरची. मी स्टुलावर पाय वर घेऊन बसले होते, एसीनं गारठून.

२६ सप्टेंबर

बोनमॅरोचा रिपोर्ट आला. बाळ-पेशींची गर्दी नाही. सगळ्या वयाच्या पेशी, जिथल्या तिथं. डॉक्टर मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं — "तुम्ही शिकवता ना, बघा." बघितलं. डोळा भरला की काही दिसत नाही त्यातून.

संपलं नाहीये. अजून काही महिने औषध, मधे मधे सुट्टी, मग जनुकाची बारीक तपासणी. पण आज भरतेशनं दवाखान्याच्या जिन्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, मला मिठी मारली. "सांगितलंस ते बरं केलंस," म्हणाला. त्याला ते इतके दिवस म्हणायचं होतं.

१५ ऑक्टोबर

आक्का आमच्याकडं राहतात. रोज दवाखान्यात जायचं असतं, पलूसहून जमणार नाही.

मी त्या यायच्या आधी घरातला कांदा-बटाटा सगळा काढून टाकला. पहिल्या दिवशी रिकामी टोपली बघून म्हणाल्या, "का गं? तुमी काय पाप क्येलंय? तुमचं तुमी खावा. माजा तवा तेवडा येगळा ठेव." वेगळा ठेवलाय. त्यावर त्या स्वतः भाकरी करतात, आणि दोन जास्तीच्या करतात. त्या कुणासाठी ते सांगत नाहीत. मी खाते.

दुपारी चहाला साखर घालत नाहीत. भरतेशला ते बघवत नाही. त्या म्हणतात, "घेतलेला नेम हाय. राहू दे."

९ नोव्हेंबर

पहिला टप्पा संपला. आता महिनाभर औषधाला सुट्टी! आक्का पलूसला जायचं म्हणतात, घर उघडून बघायला. डॉक्टर मॅडमनी परवानगी दिली.

काल यशराजच्या पलटणीतून त्याचा फोन आला होता. आक्काच जास्त बोलल्या. दार लावून! बाहेर येऊन म्हणाल्या, "गुनाचं पोरगं हाय." मी विचारलं काय बोललात. "गुनाचं हाय म्हनलं की." एवढंच.

२२ नोव्हेंबर

आक्का सकाळी गेल्या. गल्लीतल्या नानासोंच्या भाड्याच्या गाडीनं. नवं लुगडं नेसून पलूसला? भरतेशला विचारलं. तो म्हणाला, "बस्तीत जाणार असेल."

घर रिकामं वाटतंय. तीन वर्षं रिकामंच होतं की! तेव्हा नाही वाटलं.

२३ नोव्हेंबर

चार वाजता फोन. आबांचं नाव! हॅलो नाही, काही नाही. "तुजी सासू कालधरनं हितं हाय. गाडीवाल्याला माघारी लावला तिनं. काल नुसत्या दुधावर ऱ्हायली. आज म्हनलं जेवल्याबिगार सोडत न्हाई, तर कांदा न्हाई म्हनती, लसूण न्हाई, दिवस मावळायच्या आत पायजे. तुजी आय गेल्यापास्नं मला येतंय निस्तं पिठलं. तुमच्यात कांद्याबिगार कसं करत्यात, सांग."

मी म्हणाले, "आबा... हिंग घाला."

"थांब. फोन ठिवू नगंस. चष्मा घिऊन येतो."

मी धरून उभी आहे.